दुसऱ्या फेरीतला रिकामा रकाना

“रकाना रिकामा आहे, काकू! रिकामा! मी काय हवेतून नाव काढू?”

असं म्हणाला तो! माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच हातचा साबुदाणा वडा हातात धरून! मी म्हटलं, “निशिकांत, आधी तो वडा खाली ठेव. एक तर खा नाहीतर भांड, काय ते एक ठरव.” तर त्यानं काय खाली ठेवावं? आवाज! वडा तसाच हातात! आणि हळू आवाजात पुन्हा तेच… “रकाना रिकामा आहे, काकू.”

आता तुम्ही म्हणाल, कसला रकाना, कोण निशिकांत आणि ही बाई दुपारी साडेतीनला एवढी तापली कशानं? सांगते. बसा नीट. मी सांगताना कुणी मधे उठलेलं मला चालत नाही, माझा लगेच संशय बळावतो.

तर आमच्या सिंगापुरात दरवर्षी एक स्पर्धा होते, हार्बर ओपन. डार्ट्सची. डार्ट्स म्हणजे ते हो, भिंतीवर गोल फळी लावतात, एक ते वीस आकडे, आणि लांबून छोटे छोटे बाण मारतात. खेळणारे कोण? व्यावसायिक! ज्यांचं पोटच त्या बाणांवर आहे असे! आणि त्यांच्याबरोबर कोण? कुणीही! तुम्ही, मी, मासे विकणारा, बस चालवणारा… दारात या, नंबर घ्या, खेळा. या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणीसला, स्पर्धेला दहा वर्षं झाली, म्हणून कमिटीनं पुस्तिका काढायची ठरवली, दहा वर्षांचा इतिहास, आणि तो लिहायला दिला या निशिकांतकडे. निशिकांत पुण्याचा, पाया लेबारच्या कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. मुलगा चांगला आहे हो, म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा मुलगा, पण जगातली प्रत्येक गोष्ट रकान्यात बसते असं त्याला वाटतं.

आणि त्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर, तुम्हाला सांगते, पहिल्याच पानावर काय लिहिलंय? ‘दहा वर्षांत एकाही हौशी खेळाडूने व्यावसायिक खेळाडूला हरवल्याची खात्रीशीर नोंद नाही.’

नोंद नाही? अहो, दोन हजार चौदा साली, दुसऱ्या फेरीत, आमच्या ह्यांनी डेसमंडला हरवलं! डेसमंड म्हणजे साधासुधा नाही, व्यावसायिकांतला व्यावसायिक, शर्टाच्या पाठीवर स्वतःचं नाव भरतकामानं काढून घेतलेला! आणि दुसरं कुणी सांगायला कशाला पाहिजे? मी तिथं होते! नुसती होते नाही, पाटी माझ्या हातात होती! प्रत्येक बाणाचा हिशेब मी लिहिला! आणि म्हणे नोंद नाही! मी मनात म्हटलं, सुलभा, कुठंतरी पाणी मुरतंय!

ह्यांना काहीच नाही त्याचं. म्हणजे तोंडावर काहीच नाही. निशिकांतनं ती पुस्तिका ई-मेलवर पाठवली होती तपासायला. ह्यांनी टॅबलेटवर ती उघडली, दोन हजार चौदाचं पान काढलं, बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं… मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, मी लपूनच बघते, समोरून बघितलं तर माणसं खरी वागत नाहीत… आणि मग टॅबलेट मिटला आणि म्हणाले, “असू दे.” बस. “असू दे.” चौतीस वर्षं बोटीच्या तळाशी इंजिनरूममध्ये काढली ह्यांनी. वर डेकवर कॅप्टनचा फोटो, बंदरात कॅप्टनला हार, आणि खाली पन्नास डिग्रीत घाम गाळणारे हे, चीफ इंजिनियर, ते आपले “असू दे”. आयुष्यात एकदा, एकदाच हो, भर हॉलमध्ये तीनशे लोकांनी उभं राहून ह्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि ते पुस्तकात नाही! मी म्हटलं, तुमचं असू दे, माझं नाही असू देत. लावला फोन निशिकांतला, म्हटलं, “ये रविवारी, वडे करते.”

आता स्पर्धेचा खरा इतिहास मी सांगते, कारण निशिकांतनं तो कागदावरून लिहिलाय आणि मी तो डोळ्यांनी बघितलाय.

दोन हजार दहा. आम्ही तेव्हा नुकतेच सौमित्रकडे, मुलाकडे, पुंगोलला राहायला आलो होतो. आणि हे दर शनिवारी दुपारी गायब! “कुठं?” “क्लबात.” “कसल्या क्लबात?” “खलाशांच्या.” अहो, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेला माणूस, त्याला कसले खलाशी? कुठंतरी पाणी मुरतंय! तिसऱ्या शनिवारी मी गेले मागून. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एक डबा सोडून पुढच्या डब्यात, डोक्यावर प्रणिताची, आमच्या सुनेची, टोपी. बंदराजवळचा तो क्लब, आत गेले, तर काय बघते… माझा नवरा एक डोळा मिटून, जीभ जराशी बाहेर काढून, भिंतीला बाण मारतोय! आणि मला बघून काय म्हणावं? “तू पण मारतेस का?”

मग कळलं, प्रत्येक बंदरात खलाशांचा असा क्लब असतो आणि प्रत्येक क्लबात अशी फळी असते, आणि चौतीस वर्षं हे तेच करत होते. रॉटरडॅमला, डर्बनला, योकोहामाला! आणि मला पत्रात लिहायचे, ‘इथे पाहण्यासारखे विशेष काही नाही.’

त्या क्लबाचा मॅनेजर मिस्टर लिम, त्यानंच ती स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी आठ व्यावसायिक आणि चोवीस आपल्यासारखे. नोटीस लावली, ‘सर्वांसाठी खुली’. मी ती नोटीस तीनदा वाचली. इंग्रजी मला शाळेनं नाही शिकवलं, सातवीला माझी शाळा सुटली. इंग्रजी मी शिकले औषधांच्या बाटल्यांवरून आणि शिपिंग कंपनीच्या पत्रांवरून, त्यामुळे इंग्रजीत लिहिलेलं काहीही मला विश्वासाचं वाटतच नाही. मी लिमला विचारलं, “व्यावसायिकांना आपल्यासारखे कशाला पाहिजेत?” तो म्हणाला, “आंटी, फन लाह!” ‘लाह’ हे इथल्या बोलण्याचं शेपूट. फन! बोकडाला कधी कुणी खरं कारण सांगितलंय का?

बरं, नावं चिठ्ठ्या टाकून काढायची. म्हणजे पहिल्याच फेरीत रिक्षावाल्यासमोर राजा येऊ शकतो. आणि त्या वर्षी आठही व्यावसायिकांच्या समोर आठ हौशी! एकही व्यावसायिक दुसऱ्या व्यावसायिकासमोर नाही! मी लिमला म्हटलं, चिठ्ठ्यांचा तो डबा मला दाखव. दाखवला बिचाऱ्यानं. बिस्किटांचा डबा होता. तळाशी चुरा होता. पण म्हणून काय झालं?

दोन हजार अकराला क्लबात दुरुस्ती निघाली आणि स्पर्धा गेली बुकित पंजांगला, कम्युनिटी हॉलमध्ये. तिथं जायचं तर ती छोटी एलआरटी गाडी घ्यायची. ही गाडी लोकांच्या घरांजवळून जायला लागली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात! आपल्याला बाहेरचं दिसत नाही! मी जागेवरून उठले. म्हटलं, काय लपवतात हे? ह्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं, म्हणाले, “लोकांच्या बेडरूम दिसू नयेत म्हणून.” मी म्हटलं, तुम्हाला बरं माहीत!

बाराला आलं मशीन. बाण लागला की आपोआप आकडा वजा करणारं. बाणाला टोक प्लॅस्टिकचं. चार मॅच झाल्या आणि पाचवीत त्या मशीननं एका माणसाला बाण न मारताच अठरा दिले! मी तर पहिल्यापासून सांगत होते. व्यावसायिक भडकले, म्हणाले, आम्ही पोलादी टोकानंच खेळणार. गेलं मशीन, आली पुन्हा लाकडी पाटी आणि खडू. तेराला धूर. आठवतंय ना तेराचा जून? सुमात्रातली जंगलं जळाली आणि इथं समोरची बिल्डिंग दिसेना. हॉलची दारं-खिडक्या बंद, सगळे तोंडाला मास्क लावून खेळतायत, कोण कोण आहे काही कळायला मार्ग नाही. मास्कमागून कुणीही कुणाच्याही नावावर खेळला असता! निशिकांतनं या वर्षाबद्दल काय लिहिलंय? ‘स्पर्धा शांततेत पार पडली.’ अरे, शांततेत पार पडली, कारण कुणाला श्वास घेता येत नव्हता!

आणि आलं चौदा.

आता तोवर मीही खेळायला लागले होते. कुणी शिकवलं? कुणी नाही! सौमित्रनं स्टोअररूमच्या दाराला फळी लावून दिली होती, कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर मी मारायची. रेवदंड्याला लहानपणी चिंचा पाडायचा हात आहे हा, सांगून लागलेला दगड! चौदाला दारात नंबर घेतला, सेहेचाळीस. आणि माझ्यामागे उभे हे, त्यांचा सत्तेचाळीस. पहिली फेरी मी जिंकले, दुसरीत एका बस कॅप्टनकडून, इथं बस ड्रायव्हरला कॅप्टन म्हणतात, हरले. त्याचं कोपर रेघेच्या पुढं येत होतं, मी दोनदा सांगितलं, पण त्याबद्दल आता बोलत नाही.

आणि आता नीट ऐका. या खेळात एक रीत आहे. जो हरला त्यानं पुढच्या मॅचला पाटी धरायची. हरलास ना? मग फळीच्या शेजारी उभा राहा आणि दुसऱ्यांचे आकडे लिही! रडायला घरी जायचं नाही. मला ती रीत फार आवडते. आयुष्यातही असं पाहिजे.

तर मी हरले, खडू घेतला, आणि मिस्टर लिमनं पुकारलं, “पुढची मॅच! डेसमंड… अँड नंबर फॉर्टी-सेव्हन!”

सत्तेचाळीस! म्हणजे हे!

आता काय करायचं? मी काय मागितली होती पाटी? पण नियम म्हणजे नियम. डेसमंड आला, पाठीवर नाव, मागं गाणं लावलेलं. हे आले, पायात बाटाच्या चपला. पाटीवर वर दोन्ही खेळाडूंची नावं लिहायची असतात. डावीकडं मी लिहिलं, डेसमंड. उजवीकडं… खडू टेकवला… आणि उचलला.

लिम म्हणाला, “आंटी, नेम?”

मी म्हटलं, “आय नो हिम.”

“यू नो, आंटी. बट नेम?”

“यू स्टार्ट!”

माझ्यापुढं लिमचं काही चालत नाही. मॅच सुरू झाली. प्रत्येकाचे पाचशे एक असतात आणि त्यातून वजा करत शून्यावर यायचं, नेमकं शून्यावर, आणि शेवटचा बाण बाहेरच्या बारीक पट्टीत पाहिजे, जिथं आकडा दुप्पट होतो. आतली पट्टी असते ती तिप्पट. पाचशे एक! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हा काय आहेर आहे का? पण आकड्यांचं मला भय नाही. मला पाढे तीसपर्यंत, वर पावकी, निमकी, दीडकी… समोरचा मोबाईल काढेस्तोवर माझं उत्तर तयार!

तेच मी निशिकांतला म्हटलं रविवारी. कारण त्यानं शेवटी वडा खाल्ला, हात पुसले, आणि हळूच बाहेर काढलं त्याच्या पोटातलं.

“काकू, रागावू नका… पण दहा वर्षांत एकच हौशी व्यावसायिकाला हरवतो… आणि नेमकी त्याच मॅचला पाटी… त्याच्या पत्नीच्या हातात. आणि रिझल्टच्या कागदावर जिंकणाऱ्याचं नावच नाही, खाली फक्त तुमची सही. कमिटीतले लोक म्हणतात, काहीतरी… म्हणजे…”

“काय म्हणतात?”

“म्हणजे… कुठंतरी पाणी मुरतंय.”

मला! माझं वाक्य मला! अहो, मी त्या स्पर्धेवर दहा वर्षं नजर ठेवून होते, आणि ती स्पर्धा माझ्यावर नजर ठेवून होती! आणि आता कळलं, दोन हजार पंधरापासून तो नवा नियम का आला ते… ‘पाटी धरणारा खेळाडूचा नातेवाईक नसावा.’ माझ्यावर केलेला नियम! एका अख्ख्या स्पर्धेला माझ्यासाठी नियम करावा लागला! खरं सांगू? क्षणभर छाती फुगली. पण क्षणभरच.

मी म्हटलं, “काढ तुझा मोबाईल. त्यात हिशेब कर. मी तोंडानं करते. निर्णायक डाव. पाचशे एक. पहिल्यांदा ह्यांचे वीस, वीस, वीस… साठ. उरले?”

तो टाईप करतोय, “चार… चारशे…”

“चारशे एक्केचाळीस! मग वीस त्रिक साठ, वर वीस, ऐंशी, आणि एक घसरला शेजारच्या पाचात. पंच्याऐंशी. उरले तीनशे छप्पन्न. मग खाली एकोणिसाला गेले. एकोणीस त्रिक सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव. दोनशे एकसष्ट! मग साठ, वीस आणि नशिबाचा एक… एक्क्याऐंशी, उरले एकशे ऐंशी. मग वीस, वीस आणि वीस त्रिक साठ… शंभर! उरले ऐंशी. बरोबर?”

“थांबा हो काकू…”

“मी थांबत नाही! मग वीस, वीस, आणि तिसरा कडेच्या तारेबाहेर. चाळीस उरले. तिकडं तुझा डेसमंड बत्तिसावर. सोळा दुणे बत्तीस, त्याला एक बाण पुरे होता. त्यानं तीन मारले. तीनही बाहेर! घाम पुसत होता तो, मी फळीशी उभी होते, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग हे आले. पहिला बाहेर. दुसरा एकेरी विसात, उरले वीस. आणि तिसरा… दहा दुणे वीस! शून्य!”

निशिकांत मोबाईलकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. आमची प्रणिता चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी. आणि हे? कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसलेले. मी सगळं बघते हो, पाच मिनिटं झाली होती, पान उलटलेलं नव्हतं.

“बरोबर आहे,” निशिकांत म्हणाला. “शून्यच येतंय. काकू, पाच वर्षांपूर्वीचं तुम्हाला…”

“लग्नाची तिथी विसरेन. हे नाही.”

“मानलं! मी कमिटीला सांगतो. हिशेब चोख आहे, प्रश्न मिटला.” असं म्हणून त्यानं बॅगेतून तो कागद काढला. तोच, चौदाचा, रिझल्टचा. पिवळा पडलेला. खाली माझी सही आणि वर ‘विजेता’ या शब्दापुढं मोकळी जागा. “आता फक्त एवढंच. जिनं पाटी धरली तिनंच, स्वतःच्या हातानं, इथं जिंकणाऱ्याचं नाव लिहायचं. कमिटीचा तसा ठराव आहे. दोन सेकंदांचं काम. लिहा काकू… ” आणि त्यानं ह्यांचं नाव घेतलं.

त्यानं घेतलं. मी घेणार नाही.

कळतंय ना आता तुम्हाला, पाटी का मोकळी राहिली ते? मी नाव घेत नाही. ना तोंडानं, ना हातानं. तुम्हाला कळावं म्हणून एवढंच सांगते, चैत्रातल्या नवमीला ज्या देवाचा जन्म करतात, पाळणा हलवतात, सुंठवडा वाटतात, त्याचं नाव आहे ह्यांचं. तुम्ही घ्या मनात. मी त्या नवमीला ‘ती नवमी’ म्हणते, त्याची रक्षा म्हणतात संध्याकाळी, तिला ‘ती रक्षा’ म्हणते, आणि देवळात तेरा अक्षरी जप सुरू झाला की तेवढं नाव गाळून मी नुसतं ‘श्री… जय… जय जय…’ म्हणते, देवाला सवय झालीय!

प्रणिता म्हणाली, “अहो आई, तुम्ही एवढ्या मॉडर्न! डार्ट्स खेळता! आणि नाव घेत नाही?”

मी म्हटलं, “डार्ट्सनं कुणाचा नवरा बुडाल्याचं मी ऐकलं नाही.”

“मग उखाण्यात घ्या ना!”

उखाण्यात! घेतलं होतं हो. एकाहत्तर साली, हळदीकुंकवाला, बायका जमल्या, हिचं झालं, तिचं झालं, आता सुलभाचं, आग्रहावर आग्रह, घेतलं मी. आणि पंधराव्या दिवशी तार! बोटीच्या इंजिनरूमला आग. तीन माणसं गेली. ह्यांच्या खांद्यावरचा डाग अजून आहे, सदरा काढला की दिसतो. तुम्ही म्हणाल, योगायोग. अहो, मीही म्हणते, योगायोग! मी काही खुळी नाही. पण त्यानंतर एकोणतीस वर्षं हे समुद्रावर होते, मी नाव घेतलं नाही, आणि प्रत्येक वेळी हे परत आले. आता खात्री करून घ्यायची तर पुन्हा घेऊन बघायला पाहिजे… आणि प्रयोगात चुकलं तर? माझ्याकडं काय दुसरा नवरा ठेवलाय? आणि आता तर या मार्चमध्ये ह्यांची बायपास झालीय. टाके पुरते वाळले नाहीत. अशा वेळी एका पुस्तिकेसाठी?

निशिकांत म्हणाला, “बरं, मी नाव लिहितो. तुम्ही फक्त पुन्हा सही करा शेजारी.”

मी म्हटलं, “दुसऱ्यानं भरलेल्या कागदावर मी सही करत नाही. एकदा शिपिंग एजंटनं आणला होता तसा कागद, तेव्हापासून नाही!”

“काकू, मी आहे! निशिकांत!”

“तू आहेस म्हणूनच!”

“मग काकांनाच लिहू दे.”

“हं! म्हणजे कमिटी म्हणणार, जिंकलो जिंकलो म्हणून स्वतःच लिहिलं! तूच म्हणालास ना, जिनं पाटी धरली तिनंच?”

“मग नंबर लिहा! सत्तेचाळीस!”

“नंबर तुरुंगात असतो माणसाला!”

“मग मी काय करू, काकू?” आता तो रडवेला झाला होता. “उद्या छापायला जातंय! मला माहीत आहे काका जिंकले. लिमना माहीत आहे. डेसमंडला माहीत आहे, तो अजून त्या गोष्टीनं चिडतो! सगळ्या सिंगापूरला माहीत आहे आणि रकाना रिकामा आहे! नावाशिवाय मी काही करू शकत नाही. नाव नसेल तर पहिल्या पानावरचं ते वाक्य तसंच राहणार. नोंद नाही. संपलं!”

आणि तेव्हा पेपर खाली आला. हे म्हणाले, अगदी हळू, कुणाकडं न बघता… “असू दे, निशिकांत. तिला त्रास नको.”

अहो, तुम्हाला सांगते… भांडण मला झेपतं. आरोप झेपतात. संशय तर माझा रोजचा. पण तो “असू दे” मला झेपत नाही. एका बाजूला माणूस, एका बाजूला माणसाची एक ओळ. नाव लिहावं तर जीव टांगणीला, न लिहावं तर पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांनी मिळवलेली एकच टाळी, तीही मीच पुसणार! आणि पुसणार कोण? तर जिनं खडूनं लिहिली ती!

मी चष्मा लावला. निशिकांतच्या हातातून पेन ओढून घेतलं. प्रणितानं ट्रे खाली ठेवला. हे खुर्चीतून अर्धे उठले, म्हणाले, “सुलभा, नको…” हो, ते घेतात माझं नाव, खुशाल घेतात, दिवसातून पन्नासदा घेतात, मला काही झालं का आजवर? कुणी विचार केला का कधी? असो. मी कागद जवळ ओढला आणि त्या रकान्यात, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, न अडखळता लिहिलं… ‘सुलभाचा नवरा’. आणि खाली पुन्हा एकदा सही ठोकली.

निशिकांत वाकला. वाचलं. पुन्हा वाचलं. “काकू… हे काय? हे नाव नाही!”

आणि मी पेनाला टोपण लावलं आणि त्याला म्हटलं, “अरे, पन्नास वर्षं पासपोर्टपासून गॅसच्या कार्डापर्यंत मी ‘अमक्याची बायको’ म्हणून खपले, तेव्हा कुणी म्हणालं नाही हे नाव नव्हे म्हणून, आता एका रकान्यात ह्यांना खपू दे!”